रानातील लसूणवर्गीय वनस्पती व कर्करोग

कर्करोगाच्या रुग्णाला भेटायला येणारे बरेच जण जाताना एखादे झाडपाल्याचे औषध सांगून जातात. त्यात लसणाचे आणि रानकांद्याचे नाव हमखास असते. या समजुतीत तथ्य किती, हे आम्ही सभासद बंधु-भगिनींपुढे व विशेषतः विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुढे मांडत आहोत.

कांदा, लसूण व त्यांचे रानटी भाऊबंद ‘ॲलियम’ या प्रजातीत मोडतात. लसणाच्या अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की पेशी फुटतात, ॲलिनेज नावाचे विकर ॲलिइन या गंधकयुक्त द्रव्यावर क्रिया करते आणि ॲलिसिन तयार होते. ते अस्थिर असल्याने त्यापासून पुढे डायअलिल सल्फाइडे व अजोईन बनतात. प्रयोगशाळेत कर्कपेशींची वाढ रोखताना दिसली ती मुख्यतः हीच द्रव्ये. उष्णतेने विकर निकामी होते. म्हणून ठेचलेला लसूण 10 मिनिटे तसाच ठेवून मग फोडणीस टाकलेला बरा. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील प्रयोगांत हाच फरक दिसला होता.

अमेरिकेच्या ॲपालाशियन डोंगरांत ‘रॅम्प’ नावाचा रुंद पानांचा रानलसूण उगवतो. चेरोकी लोकांची ही वसंतातली जुनी भाजी. (शिकागो शहराचे नावही याच वनस्पतीवरून पडले, असे मानतात.) सेलेनियम हे मूलद्रव्य दिल्यास रॅम्प गंधकाच्या जागी ते घेऊन मिथिल-सेलेनोसिस्टीन बनवतो. 2000 सालच्या सुमारास असा रॅम्प उंदरांना खाऊ घातला, तेव्हा रसायनाने उत्पन्न केलेल्या स्तनातील गाठी कमी झाल्या. मात्र तो रॅम्प रानातून खुडलेला नव्हता, सेलेनियम घालून मुद्दाम वाढवलेला होता. बातम्यांत नेमके हेच गळते.

माणसांचे काय? चीनच्या शानडोंग प्रांतात कांदा-लसूण भरपूर खाणाऱ्यांत जठराचा कर्करोग कमी आढळल्याचे 1989 साली प्रसिद्ध झाले. पुढे 1995 पासून तेथेच 3,365 जणांची चाचणी झाली. त्यांतील काहींना सात वर्षांहून अधिक काळ लसणाचा अर्क व तेल देण्यात आले. 2006 च्या अहवालात लाभ दिसला नाही. 22 वर्षांनंतरच्या, 2019 च्या अहवालात मात्र या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी आढळले. ही माणसे चाचणी सुरू होताना कर्करोगाची रुग्ण नव्हती. झालेला रोग लसणाने बरा होतो, असे या चाचणीतून मुळीच निघत नाही.

आता आपल्याकडचा रानकांदा. कोकणात ज्याला रानकांदा किंवा कोळकांदा म्हणतात, तो दिसायला कांद्यासारखा असला तरी ‘ॲलियम’ नव्हेच. चिरला तरी त्याला कांद्याचा वास येत नाही, आणि रस अंगाला लागला तर खाज सुटते. त्यातील द्रव्ये थेट हृदयावर परिणाम करतात. आधीच अशक्त झालेल्या रुग्णाला त्याचा रस पाजला, तर उलट्या होऊन नाडी मंदावते व जिवावर बेतू शकते. असा रस कोणी पाजलाच असेल, तर रुग्णालयात नेताना तो कंदही सोबत न्यावा.