उंबऱ्याबाहेरचे भूत

पछाडलेल्या वास्तूंची सहल हा पाश्चात्त्य देशांत चांगलाच रुळलेला पर्यटनप्रकार असून त्यात किल्ल्यांइतकाच मान जुन्या मद्यगृहांना आणि 'इन'ला, म्हणजे खाली मद्यगृह व वर मुक्कामाच्या खोल्या असलेल्या वाटेवरच्या वास्तूला, मिळतो. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्याच्या ओसाड माळावर १७५० मध्ये उभी राहिलेली 'जमैका इन' ही घोडागाड्यांचा थांबा आणि चोरट्या मालाचा अड्डा म्हणून ओळखली जाई. डाफ्ने द्यू मोरिए यांच्या १९३६ मधील कादंबरीने तिला कीर्ती दिली आणि आज तिथे भुतांच्या ओढीनेही प्रवासी उतरतात. अशा वास्तूला भूत चिकटण्यास लागणारी सामग्री सहज ध्यानात येते: पिढ्यान्‌पिढ्या चालू असलेला एकच धंदा, अनोळखी माणसांची रात्रीची वर्दळ, दारू, अंधारे तळघर आणि कधीतरी झालेला एखादा मृत्यू. 

महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात या अर्थाने पछाडलेले मद्यगृह शोधू जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, याचे कारण येथे भुतांचा तुटवडा आहे असे नसून मुक्काम आणि मद्य या दोन गोष्टी येथे पूर्वी एका छपराखाली नांदत नसत, हे आहे. वाटसरू रात्री देवळाच्या ओवरीत, गावच्या चावडीत, धर्मशाळेत किंवा दर्ग्यालगतच्या सराईत पथारी पसरी, आणि या बहुतेक जागांवर कोणा ना कोणा देवाची वा पिराची राखण असे. दारू मिळे ती गुत्त्यावर. गुत्ता या शब्दाचा एक अर्थच मक्ता असा आहे, आणि १९४८ पर्यंत हा जिल्हा ज्या निजामाच्या राज्यात होता तेथे दारूविक्रीचे मक्ते लिलावाने दिले जात. गुत्त्यावर माणूस पिऊन उठे, तेथे मुक्कामाला राहत नसे. साहजिकच मराठी मुलखातील भुताला खोली मिळाली नाही आणि ते उंबऱ्याबाहेर, वाटेवर राहिले.

त्याचे पत्तेही ठरलेले आहेत. मुंज झालेला पण लग्नाआधी वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. साती आसरा, म्हणजे सात जलदेवता, विहिरीच्या आणि डोहाच्या काठी असतात. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा पाण्यातच दबा धरतो. आणि भुतांचा राजा वेताळ अमावास्येच्या रात्री पलित्यांच्या उजेडात शिवेवरून फेरी काढतो, असे मानले जाते. या सर्वांत प्रवाशाशी थेट संबंध येतो तो चकव्याचा. चकवा लागलेला माणूस ओळखीच्या वाटेवरही रात्रभर गोल गोल फिरतो आणि उजाडल्यावर पाहतो, तर निघाला तेथेच उभा असतो.

जिल्ह्यातील बालाघाटाच्या पठारावर, जेथे नांगरलेल्या काळ्या रानात अंधाऱ्या रात्री खुणेला झाडही दिसत नाही, तेथे या समजुतीला मोठा आधार मिळाला असल्यास नवल नाही. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेचे यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना जंगलात व सहारा वाळवंटात सरळ रेषेत चालण्यास सांगितले होते: सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ते बऱ्यापैकी सरळ चालले, परंतु आभाळ भरून येताच जंगलातील माणसे वळत वळत स्वतःचीच वाट ओलांडू लागली आणि हे त्यांच्या लक्षातही आले नाही, डोळे बांधलेल्यांची वर्तुळे तर कधी कधी जेमतेम २० मीटर व्यासाची निघाली. शरीराच्या दिशाज्ञानातील बारीक चुका पावलागणिक साठत जातात आणि त्या दुरुस्त करणारी खूण बाहेर नसली की माणूस वळतो. चकव्याचे वर्णन करणाऱ्यांनी अनुभव बरोबर टिपला होता, कर्ता तेवढा चुकीचा ठरवला.

विहिरीच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक गंभीर होते. वापरात नसलेल्या खोल विहिरीत कुजणाऱ्या गाळामुळे प्राणवायू घटतो, हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, आणि गाळ काढण्यास उतरलेला माणूस हाक मारण्याआधीच कोसळतो. त्याला काढण्यास उतरलेला दुसराही तसाच जातो, आणि गावात आसरांनी दोघांना ओढले असे बोलले जाते. पेटता कंदील आधी दोरीने खाली सोडून तो विझतो का हे पाहण्याची जुनी रीत भित्री खचितच नव्हती. बीड शहराजवळची खजाना विहीर मात्र सुदैवाने वेगळ्या कारणासाठी प्रसिद्ध आहे: अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात सोळाव्या शतकात सलाबतखानाने बांधविलेल्या या विहिरीचे पाणी भुयारी मार्गांनी, कोणत्याही यंत्राविना, केवळ उताराच्या बळावर शेतांपर्यंत जाते, आणि जहागिरीचा खजिना तिच्यावर खर्च झाला म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

मुक्कामाची म्हणावी अशी एक अद्‌भुत कथा जिल्ह्यात आहे, पण ती भुताची नव्हे. अंबाजोगाईची योगेश्वरी आणि परळीचा वैजनाथ यांचे लग्न ठरले, वऱ्हाडाला मुहूर्त गाठता आला नाही, वऱ्हाडी जागच्या जागी दगड झाले आणि देवी कुमारिका राहिली, अशी ही दंतकथा आहे; गावाबाहेर खडकात कोरलेल्या लेण्यांना, जेथे दगडी हत्ती उभे आहेत, लोक हत्तीखाना किंवा जोगाईचा मंडप म्हणतात. कथेचा हा मंडप न उठलेल्या वऱ्हाडाचा आहे. पाहणाऱ्याला तेथे भय वाटण्यापेक्षा ताटकळल्यासारखेच अधिक वाटावे.

पाश्चात्त्य धाटणीचे हॉटेल आले तेव्हा मात्र भूतही त्याच धाटणीचे आले. १९०३ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात, इमारत उलटी बांधली गेल्याचे पाहून उडी घेतलेल्या इंग्रज वास्तुशिल्पी चेंबर्सचे भूत फिरते, असे पछाडलेल्या स्थळांच्या याद्यांत हमखास छापलेले असते. वस्तुतः मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांचा, वैद्य १९०० मध्ये आजाराने वारले म्हणून चेंबर्सनी काम पुरे केले, आणि प्रवेशद्वार शहराच्या बाजूस ठेवले होते ते चुकून नव्हे. इमारतीचे काम अपुरे असताना खरोखर वारलेला माणूस मराठी होता, पण दंतकथेने त्याला भूत होण्याचाही मान दिला नाही.

बीडमध्ये अशा स्थळांच्या शोधात हिंडणाऱ्याने कठडा नसलेल्या बारवा आणि पडक्या भिंतींतील सापांना भ्यावे हे उत्तम. कायद्याचेही भान ठेवावे: भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, किंवा गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे, हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सहा महिने ते सात वर्षे कैदेस पात्र असलेले गुन्हे आहेत.

आज या जिल्ह्यातील रात्रीचा मुक्काम धुळे-सोलापूर महामार्गावरच्या ढाब्यांवर पडतो, आणि जेवण व बाज एकाच ठिकाणी मिळणारी, काही ठिकाणी आडून बाटलीही मिळणारी, ही जागा इनच्या सर्वांत जवळची आहे. तिच्या दाराच्या चौकटीला तारेत ओवलेला बिबा, लिंबू आणि हिरव्या मिरच्या टांगलेल्या असतात. शनिवारी नवी माळ लागते. सुकून काळी पडलेली जुनी माळ गल्ल्यावरचा पोऱ्या उंबऱ्याबाहेर, थेट डांबरावर फेकतो, आणि त्यानंतर येणारे दुचाकीवाले तिला चाकाखाली न घेता हातभर वळसा घालून जातात.