संग्रह आणि पाहुणा

संग्रहाचा छंद ज्या घरांत आहे, त्या घरीं एक प्रसंग वारंवार घडतो. पाहुणे येतात, यजमान मोठ्या हौसेनें कपाट उघडतात, पोस्टाच्या तिकिटांच्या वह्या आणि जुन्या नाण्यांचे खण बाहेर निघतात, आणि अर्ध्या घटकेच्या आंतच पाहुण्यांची नजर घड्याळाकडे वळूं लागते. यजमानांस वाटतें, यांना रसिकता नाहीं. पाहुण्यांस वाटतें, हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. बहुधा दोघांचेंही म्हणणें चुकीचें असतें. उणीव असते ती मांडणींत. संग्रह जमविणें ही एक विद्या आहे, व तो दुसऱ्यास सुखानें पाहतां येईल असा लावणें ही दुसरी. या दुसऱ्या विद्येचा आज थोडा विचार करूं.

संग्राहकाची मांडणी बहुतेक त्याच्या आठवणींच्या क्रमानें झालेली असते. हें नाणें अमुक सराफाकडे मिळालें, तें तिकीट मित्रानें परदेशांतून धाडलें, असा सारा नकाशा त्याच्या डोक्यांत तयार असतो. त्यामुळें त्याला डोळे मिटूनही हवी ती वस्तु काढतां येते. पाहुण्याजवळ हा नकाशा नसतो. त्याच्याजवळ असतो एखादा साधा प्रश्न. आमच्या आजोबांच्या वेळचें तिकीट यांत आहे काय? शिवाजी महाराजांचें नाणें कोठें आहे? या प्रश्नापासून त्या वस्तूपर्यंत पाहुण्यास एकट्यानें जातां आलें पाहिजे. चांगल्या मांडणीची कसोटी हीच.

पोस्टाच्या तिकिटांचें उदाहरण घ्या. तिकिटें देशवार लावावींत, हें कोणीही सांगेल. परंतु स्वित्झर्लंडच्या तिकिटावर ‘हेल्वेशिया’ असें नांव असतें, फिनलंडच्या तिकिटावर ‘सुओमी’, नॉर्वेच्या तिकिटावर ‘नोर्गे’ आणि हंगेरीच्या तिकिटावर ‘मॅग्यार’. ब्रिटननें तर 1840 सालीं जगांतील पहिलें चिकटविण्याचें तिकीट काढलें. तेव्हां दुसऱ्या कोणाचें तिकीटच नसल्यामुळें देशाचें नांव छापण्याचें कारण पडलें नाहीं, आणि तो प्रघात पुढेंही चालू राहिला. तेथें राजाचें किंवा राणीचें मुखच काय तें ओळखावयाचें. जाणत्याला हें ठाऊक असतें. नवख्याची मात्र पहिल्याच पानावर वाट चुकते. यावर उपाय अगदीं सोपा आहे. वहीच्या आरंभीं एक कोष्टक द्यावें: तिकिटावर छापलेलें नांव, देशाचें नेहमींचें नांव आणि वहींतील पान. एका पानाचें हें काम पुढील शंभर पानांचीं दारें उघडतें.

कांहीं वस्तूंची अडचण याहून खोल असते. ग्वाल्हेर संस्थानांत ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर संस्थानचें नांव वरून छापून तीं वापरीत असत. असें तिकीट हिंदुस्थानांत ठेवावें कीं संस्थानांत? त्रावणकोरचीं शंखचिन्हाचीं तिकिटें संस्थानांच्या पानावर घालावींत, कीं चिन्हांच्या? ग्रंथपालांनीं हा प्रश्न फार पूर्वीं सोडविला आहे. पुस्तक फळीवर एकाच जागीं बसतें. पण सूचींत त्याच्या चिठ्ठ्या लेखक, नांव, विषय अशा अनेक ठिकाणीं असतात. मद्रासचे श्री. रंगनाथन् हे मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 सालीं ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि 1931 सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें प्रसिद्ध केलीं. त्यांपैकीं चौथें सूत्र वाचकाचा वेळ वांचविण्याविषयीं आहे. पुढें 1933 सालच्या आपल्या वर्गीकरणांत त्यांनीं एकाच विषयाचे निरनिराळे पैलू वेगळे करून दाखविले. घरगुती संग्रहाला एवढी मोठी यंत्रणा नको. पण त्यांतील तत्त्व अवश्य हवें. वस्तूस जागा एक, तिच्याकडे जाणाऱ्या वाटा अनेक.

आतां चिठीविषयीं. नाण्याखालीं नुसता क्रमांक लिहिल्यानें पाहुण्याच्या हातीं कांहीं लागत नाहीं, आणि दहा ओळींचा निबंध लिहिल्यास तो वाचीत नाहीं. कोणीं पाडलें, केव्हां, कोणत्या धातूचें, आणि यांत पाहण्याजोगें काय, इतकें चार ओळींत आलें म्हणजे पुरे. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असतात; पण झिजलेल्या तांब्यावर तीं नवख्यास लागत नाहींत. म्हणून दोन शिवरायांपैकीं एक उताणी व एक पालथी ठेवावी, आणि शेजारीं अक्षरांची आकृति काढावी. तसेंच रुपयाचें. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. त्यापूर्वीं सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशें ब्याण्णव पै हा हिशेब होता. आजच्या मुलामुलींस हा हिशेब खणाच्या तोंडाशींच लिहून दिला नाहीं, तर ढब्बू पैसा त्यांना तांब्याच्या चकतीहून निराळा दिसणार नाहीं.

याशिवाय एक पथ्य आहे, तें म्हणजे सर्व कांहीं एकदम न दाखविणें. बोस्टन येथील कलासंग्रहालयाचे श्री. गिलमन यांनीं 1916 सालीं संग्रहालयांतील थकव्यावर एक लेख लिहिला. मांडलेल्या वस्तु व त्यांच्या चिठ्ठ्या पाहतांना माणसाला किती वांकावें आणि अवघडावें लागतें, हें त्यांनीं छायाचित्रेंच घेऊन दाखविलें. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांत वीस हजारांहून अधिक वस्तु आहेत, पण मांडलेल्या सुमारें अडीच हजार. दिवे, अडकित्ते, वाद्यें हीं तेथें लोकांच्या मनांत राहतात, त्याला ही निवडही कारण आहे. घरींही एक वही पाहुण्यांसाठीं असावी, बाकीच्या अभ्यासूंसाठीं.

मांडणी साधली कीं नाहीं, हें ओळखण्याची रीत अशी: विषय न जाणणाऱ्या एखाद्या स्नेह्याच्या हातीं वही द्यावी, एखादी वस्तु शोधावयास सांगावी, आणि आपण तोंडांतून अक्षरही न काढतां बसावें. जेथें तो थांबेल, जेथें उलटीं पानें चाळूं लागेल, तेथें सूचना उणी आहे असें समजावें.

एवढी खटपट कशासाठीं, असें कोणी विचारील. इंग्लंडांतील टॅपलिंग नांवाच्या गृहस्थांनीं 1891 सालीं मरतेसमयीं आपला तिकिटांचा प्रचंड संग्रह ब्रिटिश म्यूझियमला दिला. तो नीट लावण्यासाठीं बेकन नांवाच्या तज्ज्ञास पुढें कित्येक वर्षें खपावें लागलें, तेव्हां कोठें तो लोकांना पाहण्याजोगा झाला. आपल्या घरच्या संग्रहाच्या नशिबीं असा बेकन येईलच असें नाहीं. आपण असतों तोंवर प्रत्येक नाण्याची हकीकत सांगावयास आपली जीभ असते. आपल्यामागें तीच नाणीं मोडीच्या भावानें जावयाचीं, कीं नातवंडांनीं कौतुकानें पाहावयाचीं, हें आज लिहिलेल्या चार ओळींच्या चिठीवर अवलंबून आहे. तेव्हां या रविवारीं नवीन वस्तु शोधावयास बाहेर न पडतां आपल्याच कपाटासमोर बसावें, आणि पहिल्या खणाची सूची करावयास घ्यावी, एवढीच विनंती.