आसगावचे घर आणि त्याचा जमाखर्च
(बांधकामावरील खर्च, मजुरी व साहित्य यांच्या भवितव्याचा विचार)

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगाव हे वैनगंगेच्या खोऱ्यातील, चौरास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुपीक पट्ट्यातील गाव होय. धान हे येथील मुख्य पीक आणि धानाचा हंगाम हेच येथील पंचांग. अशा गावात बांधकामाच्या अर्थशास्त्राचा विचार करावयाचा तर महानगरांतील गगनचुंबी इमारतींची आकडेवारी फारशी उपयोगी पडत नाही. येथे विचाराचे एकक एकच: साधे राहते घर. ते कोणाच्या पैशाने उभे राहते, त्याला लागणारे साहित्य कोठून येते, ते कोणाच्या हातांनी बांधले जाते आणि पुढील काही वर्षांत ते बांधणे सोपे होईल की कठीण, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. शब्दांतून दिसणारे अर्थकारण

घराच्या भागांची नावे पाहिली तरी अर्ध्या प्रश्नाचे उत्तर मिळते. जुन्या घराचे शब्द आढे, वासे, कूड, ओटा, कवेलू असे होते. कवेलू म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातील कौल. ही सारी सामग्री पंचक्रोशीतली होती. माती शेताची, लाकूड जवळच्या रानाचे, कवेलू कुंभाराच्या भट्टीतले. तिचा मोबदला पुष्कळदा धान्याच्या रूपाने दिला जाई आणि तो गावातच फिरत राही. आजच्या घराचे शब्द सिमेंट, स्लॅब, कॉलम, बीम, सेंट्रिंग असे आहेत. शब्द बाहेरून आले, कारण वस्तू बाहेरून आली. आणि वस्तू बाहेरून आली म्हणजे तिचा पैसा बाहेर जाणार, हे ओघानेच आले.

काही शब्द मात्र मधल्या अवस्थेचे द्योतक आहेत. पुण्याकडे जिला वाळू म्हणतात तिला येथे रेती म्हणतात आणि खडीला गिट्टी. हे शब्द हिंदीच्या सान्निध्याचे निदर्शक असले तरी या दोन वस्तू अद्याप जवळपासच्याच आहेत. मिस्त्री हा शब्द मूळ पोर्तुगीज, बेलदार फारशी; परंतु ती माणसे गावचीच. बांधकामावर डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या स्त्रीला विदर्भात रेजा म्हणतात. नव्या घराच्या खर्चातील जो भाग गावात राहतो तो मुख्यतः मिस्त्री, बेलदार आणि रेजा यांच्या मजुरीचा. ही विभागणी ध्यानात ठेवली म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल.

२. सार्वजनिक खर्च: तलावापासून धरणापर्यंत

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. १ मे १९९९ रोजी ज्याचा काही भाग वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला, त्या जुन्या भंडारा जिल्ह्यातील अनेक तलाव कोहळी समाजाच्या कौशल्याची साक्ष देतात. तलाव बांधणाऱ्यास जमिनीचे हक्क मिळत, त्या जमिनीस तलावाचे पाणी मिळे आणि बांधकामावर घातलेले श्रम पुढील पिकांतून परत येत. खर्च करणारा, काम करणारा आणि लाभ घेणारा असे तिघे एकाच परिसरात नांदत, हे त्या व्यवस्थेचे बलस्थान होते. त्यातील लाभ सर्वांस सारखा मिळत होता, असे मात्र समजण्याचे कारण नाही.

आधुनिक काळातील या परिसरातील सर्वांत मोठे बांधकाम म्हणजे पवनी तालुक्यातच वैनगंगेवर उभारलेले गोसीखुर्दचे धरण. त्याचे भूमिपूजन १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले आणि २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे अडीच लाख हेक्टर जमिनीस सिंचन देण्याचे उद्दिष्ट असलेल्या या प्रकल्पाचा मूळ अंदाज १९८२-८३ च्या सुमारास ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढे तो १८,४९४ कोटींवर गेला आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे २६,००० कोटी रुपयांच्या सुधारित अंदाजास मान्यता दिली. म्हणजे मूळ आकडा जवळजवळ सत्तर पटींनी वाढला.

ही सारी वाढ महागाईची आहे काय? औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या मालिका जोडून पाहिल्या, तर १९८२ पासून २०२५ पर्यंत किंमती सुमारे एकोणीस-वीस पट झाल्याचे दिसते. केवळ भाववाढ धरली असती तर ३७२ कोटींचे काम सात-साडेसात हजार कोटींच्या आसपास राहावयास हवे होते. उरलेली वाढ वाढलेली कामे, भूसंपादन, पुनर्वसन आणि विलंब यांची आहे. यांपैकी पुनर्वसनाच्या खर्चाकडे केवळ वाढ म्हणून पाहणे न्याय्य नव्हे. ज्यांची घरे आणि शेते पाण्याखाली गेली त्यांचा तो हक्क होता. मूळ अंदाजात तो पुरेसा धरला गेला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. २०१३ साली प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचे विशेष साहाय्य मंजूर करावे लागले, यावरून ही गोष्ट स्पष्ट होते. विलंबाची किंमत मात्र दुहेरी असते. काम महाग होते ते एक, आणि मधल्या वर्षांत जे पाणी शेताला मिळावयाचे ते मिळत नाही हे दुसरे. पहिली किंमत सरकारी हिशेबात दिसते. दुसरी शेतकऱ्याच्या घरात दिसते.

३. घरकुलाचा हिशेब धानाच्या मापाने

आता राहत्या घराकडे वळू. गरीब कुटुंबांच्या बाबतीत नव्या पक्क्या घराचा मुख्य आधार प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हा आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सपाट प्रदेशातील घरास १,२०,००० रुपये साहाय्य ठरले आणि घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठेवण्यात आले. २०२४ साली योजनेस पाच वर्षांची मुदतवाढ देताना आणखी दोन कोटी घरांचे उद्दिष्ट ठरले. परंतु प्रत्येक घराच्या साहाय्याचा आकडा तोच राहिला.

रुपयांत तोच असलेला आकडा वस्तुतः तोच राहिला काय, हे पाहण्यासाठी आसगावच्या शेतकऱ्यास समजेल असे माप घ्यावे. २०१६-१७ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला १,४७० रुपये होता. त्या मापाने १,२०,००० रुपये म्हणजे सुमारे ८२ क्विंटल धान. २०२५-२६ मध्ये हमीभाव २,३६९ रुपये झाला. त्या मापाने तीच रक्कम सुमारे ५१ क्विंटल भरते. ग्रामीण ग्राहक किंमत निर्देशांकही या काळात सुमारे दीडपट झाला, म्हणजे तोही याच दिशेने बोट दाखवितो. कागदावरचे घर तेवढेच राहिले, परंतु त्यामागचे धान एकतीस क्विंटलांनी कमी झाले.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या वतीने ५०,००० रुपयांची भर घातली. त्यांपैकी १५,००० रुपये छतावरील सौर संचासाठी असल्याने प्रत्यक्ष बांधकामास ३५,००० रुपये उरतात. ती भर मिळविली तरी धानाच्या मापाने बांधकामाचे साहाय्य सुमारे ६५ क्विंटलांपर्यंतच पोचते. या भरीस नवी देणगी म्हणण्यापेक्षा झिजलेल्या रकमेची जेमतेम निम्म्याच्या आसपासची भरपाई म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. उरलेले अंतर लाभार्थी आपल्या श्रमाने, पिकाच्या पैशाने किंवा कर्जाने भरून काढतो. भिंती उभ्या राहिल्या आणि स्लॅब राहिला, अशी घरे दिसतात त्याचे कारण आळस नव्हे. हे अंतर होय.

४. साहित्य: सिमेंट, लोखंड, रेती

एवढ्या घरास ढोबळ मानाने शंभरएक पोती सिमेंट आणि सुमारे पाच ब्रास रेती लागते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट.

सिमेंटची स्थिती तुलनेने आशादायक आहे. एके काळी सिमेंट परमिटवर मिळे. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णतः उठले. सिमेंट ही जड व स्वस्त वस्तू असल्याने तिच्या किंमतीत वाहतुकीचा वाटा मोठा असतो. आणि चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरच्या परिसरात चुनखडीच्या आधाराने मोठे कारखाने उभे असल्यामुळे पूर्व विदर्भास सान्निध्याचा लाभ आहे. जुलै २०१७ पासून सिमेंटवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. करापूर्वी तीनशे रुपये किंमतीचे पोते धरले तर ही सवलत पोत्यामागे तीस रुपयांची, म्हणजे शंभर पोत्यांवर तीन हजारांची होते. अर्थात विक्रेत्यांनी मूळ किंमत वाढविली नाही, तरच हा लाभ घरापर्यंत पोचतो.

लोखंडाची गोष्ट निराळी. १९५६ पासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत वाहतूक समानीकरणाच्या धोरणामुळे पोलादाचा भाव देशभर सारखा ठेवला जात असे. ते धोरण गेल्यावर भिलाई, रायपूर किंवा जालना यांपासूनचे अंतर महत्त्वाचे झाले. तथापि पोलादास लागणारा कोक-योग्य कोळसा मोठ्या प्रमाणावर आयात करावा लागत असल्याने सळईच्या भावात परदेशातील चढउतार उमटतात. आसगावच्या घरमालकास त्यांवर कोणताही उपाय नाही. फार तर खरेदीची वेळ तो निवडू शकतो, तीही हाती पैसा असेल तर.

रेतीचा प्रश्न सर्वांत चमत्कारिक आहे. वैनगंगा हाकेच्या अंतरावर, तिची रेती नागपूरच्या इमारतींत. आणि गावच्या घराचे काम रेतीवाचून अडलेले! याचे मूळ असे की रेती आता केवळ निसर्गाची देणगी राहिलेली नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या उत्खननासही पर्यावरणविषयक अनुमती आवश्यक ठरविली. नदीपात्र, पूल आणि भूजल यांच्या रक्षणार्थ हे योग्यच होते. मात्र वैध पुरवठा घटला आणि मागणी तशीच राहिली म्हणजे अवैध बाजार निर्माण होतो, व त्या बाजारात जो अधिक देईल त्याच्याकडे माल जातो. शासनाने २०२३ मध्ये ब्रासला ६०० रुपये दराने डेपोतून रेती देण्याचा प्रयोग केला. २०२५ च्या धोरणाने पुन्हा लिलावाचा मार्ग स्वीकारला आणि घरकुलास पाच ब्रासपर्यंत रेती विनामूल्य देण्याचे ठरविले. हे परिमाण वरील गरजेशी जुळते. परंतु रेती विनामूल्य असली तरी तिची वाहतूक विनामूल्य नसते, आणि पावसाळ्यात पात्रातील उत्खनन बंद असते. हक्काची रेती कागदावर मिळणे आणि ती बांधकामाच्या महिन्यात दारात पडणे, यांतील अंतर हाच येथील खरा प्रश्न आहे.

५. मजुरी आणि हंगाम

रोवणी आणि कापणी यांच्या काळात गावातील हात शेतात गुंतलेले असतात; बांधकाम चालते ते मुख्यतः डिसेंबरपासून मृगापर्यंत. धान विकल्याचा पैसाही त्याच सुमारास हाती येतो. जुनी घडी अशी नैसर्गिक होती. आता तिच्यात दोन बदल होत आहेत. जेथे सिंचन पोचते तेथे उन्हाळी धान घेतले जाते आणि तेच मजूर बांधकाम व शेत या दोहोंस एकाच वेळी हवे असतात. दुसरीकडे नागपूरची बांधकामे अधिक रोजाने कुशल मिस्त्र्यास ओढून घेतात. मजुराच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने खर्चाची. आणि या गावात मजूर व घर बांधणारा हा पुष्कळदा एकच माणूस असतो, हे विसरता कामा नये.

घरकुलाच्या लाभार्थ्यास रोजगार हमीतून नव्वद दिवसांची अकुशल मजुरी देण्याची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्रात तिचा दर २०१६-१७ मध्ये १९२ आणि २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होता. म्हणजे २०२५-२६ च्या दराने ही रक्कम २८,०८० रुपये होते. घराच्या साहाय्यापैकी भाववाढीबरोबर वाढलेला भाग एवढाच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस शंभरावरून सव्वाशे करण्यात आले आणि शेतीच्या ऐन हंगामात एकूण साठ दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूद ठेवण्यात आली. आसगावसारख्या गावात ते साठ दिवस कोणते ठरतात यावर शेतमजुरीचा भाव आणि घराच्या कामाची गती ही दोन्ही अवलंबून राहतील.

मजुरांच्या संरक्षणाचा विचार करता १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवून कल्याण निधीची सोय केली. त्याचा लाभ घेण्यासाठी वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला आवश्यक मानला गेला. शहरातील मोठ्या कामावरील मजुरास हे कठीण नाही. परंतु आसगावची रेजा आठ दिवस एका घरी, पंधरा दिवस दुसऱ्या घरी आणि मधे रोवणीवर असते. तिचे दिवस भरतात, परंतु ते एका ठिकाणी लिहिलेले नसतात. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा समाविष्ट झाला असून, स्वतःच्या राहत्या घरासाठीची सूट दहा लाखांवरून पन्नास लाखांच्या खर्चापर्यंत वाढविली आहे. घरमालकास ती सोयीची असली, तरी लहान घरांवर काम करणाऱ्यांची नोंद कोण ठेवणार, हा प्रश्न तिने अधिकच मोठा केला आहे.

६. निष्कर्ष

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा की, आसगावच्या बांधकामाचे भवितव्य कोणत्याही एका भावावर अवलंबून नाही. सिमेंटची चणचण भासण्याचे कारण दिसत नाही. लोखंडाचा भाव अस्थिर राहील. रेती आणि कुशल मजुरी या दोन जवळच्या वस्तूच अधिक दुर्मिळ होत जातील. सार्वजनिक खर्चाचे आकडे मोठे असले तरी गोसीखुर्दच्या उदाहरणावरून दिसते की, आकडा वाढणे आणि काम वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि घरकुलाच्या उदाहरणावरून दिसते की, आकडा स्थिर राहणे म्हणजे तो घटणेच होय.

म्हणून तीन गोष्टी उपकारक ठरतील. घरकुलाचे साहाय्य किंमत निर्देशांकाशी बांधले जावे. मंजूर रेती पावसाळ्यापूर्वी गावात पोचविण्याची जबाबदारी निश्चित व्हावी. आणि विखुरलेल्या दिवसांची नोंद ग्रामपंचायतीत एका जागी ठेवली जावी. यांपैकी पहिलीस निधी लागेल. उरलेल्या दोहोंस मुख्यतः व्यवस्था लागेल. जुन्या तलावांच्या काळी खर्च, श्रम आणि लाभ यांची सांगड परिसरातच घातली जात असे. आजच्या घराचे साहित्य दुरून येते आणि येतच राहील. परंतु ते बांधणाऱ्याचा हिशेब तरी गावाच्या वहीत असावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.