बॅकअपच्या साधनाची मुदत कशी मोजावी



गटसभांतून एक प्रश्न वारंवार येतो, “अंदाजपत्रकात बॅकअपसाठी पुन्हा रक्कम कशाला? एएमसी दरवर्षी भरताच की!” प्रश्न रास्त आहे. संगणक हा आमचा विषय नव्हे, पण ऊस नोंदीचे रजिस्टर आमच्या खात्याचे, म्हणून खुलासा आम्हीच करीत आहोत.

आपली ऊस नोंद, लागणीची तारीख, तोडणीचा क्रम, काट्यावरचे वजन, ऊसबिल, शेअर्सचे रजिस्टर हे सगळे आता संगणकात असते. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळे यंत्र लागे. आता एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात तीन-चार संगणक असल्यासारखे चालवितात; त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका विहिरीवरून चार पाट काढावेत, तसे. पण विहीर आटली की चारही पाट कोरडे! म्हणून या सर्वांची रोज रात्री नक्कल काढून ठेवायची, तो बॅकअप. नक्कल काढणारे साधन हाही एक प्रोग्रॅमच. ऊस आल्यापासून चौदा दिवसांत बिल देण्याचे बंधन 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. वजनाची नोंदच गेली तर बिल कशावरून काढायचे?

आता मुद्द्याची गोष्ट. एएमसी आणि प्रोग्रॅमची मुदत या दोन वेगळ्या बाबी आहेत. कंपनी प्रोग्रॅमची एक आवृत्ती बाजारात आणते. सुरुवातीला तिच्यात सुधारणा होतात, नंतर फक्त गंभीर दोष दुरुस्त होतात आणि एका ठरलेल्या तारखेनंतर काहीच होत नाही. ही तारीख आपण खरेदी कधी केली यावर नसते. आवृत्ती बाजारात कधी आली त्यावरून ती ठरते. को 86032 चे बेणे तुम्ही कालच आणले, पण ते चौथ्या पिढीचे असेल, तर नवे म्हणायचे का? तसेच हे. एएमसीने नवी आवृत्ती घेण्याचा हक्क मिळतो, जुनीचे आयुष्य वाढत नाही. हक्क आहे पण बदल केलाच नाही, तर पैसे भरूनही आपण उघडेच.

हे कागदी भय नव्हे. व्हीम कंपनीचे बॅकअपचे साधन जगभर वापरात आहे. मार्च 2023 मध्ये त्यात असा दोष उघड झाला, की त्या साधनात साठविलेले पासवर्ड परक्याच्या हाती जावेत. कंपनीने दुरुस्ती दिली ती 11 व 12 या आवृत्त्यांना. त्याहून जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांना आधी आवृत्ती बदला, मग दुरुस्ती घ्या, असे सांगण्यात आले. पुढे खंडणीखोर टोळ्यांनी याच दोषाचा उपयोग केला. हे लोक आधी बॅकअपच नासवितात, मग पैसे मागतात.

कधी साधनच बंद होते. व्हर्च्युअल मशीन चालविणाऱ्या व्हीएमवेअरचे स्वतःचे डेटा प्रोटेक्शन नावाचे बॅकअप साधन होते. व्हीस्फिअर 6.5 ही त्याची शेवटची सोबत, असे कंपनीने 2017 साली जाहीर केले. वापरणाऱ्यांना दुसरे साधन शोधणे भाग पडले.

शिवाय बॅकअपचे साधन एकटे उभे नसते. त्याच्याखाली व्हर्च्युअल मशीनची प्रणाली, शेजारी विंडोज. नवे साधन जुन्या प्रणालीला ओळखत नाही, जुने साधन नव्या प्रणालीला. सबब तारखा तिन्ही पाहाव्या लागतात.

आणि गंमत पाहा, या तारखा नेमक्या आपल्या मोळी टाकण्याच्या सुमारास येतात! व्हीस्फिअर 6.5 ची नेहमीची मदत 15 ऑक्टोबर 2022 ला संपली, विंडोज सर्व्हर 2012 ची 10 ऑक्टोबर 2023 ला. व्हीस्फिअर 7 ची 2 ऑक्टोबर 2025 ला, म्हणजे ऐन दसऱ्याला. बॉयलर पेटल्यावर काट्याच्या संगणकाला हात लावायला कोणी धजत नाही, आणि लावूही नये. म्हणून बदल पावसाळ्यातच उरकला पाहिजे, आणि त्याची तरतूद त्याच्याही आधी, अंदाजपत्रकात.

आमचे आणखी एक मत आहे. नक्कल निघाली एवढ्यावर समाधान मानू नये. हंगामापूर्वी एकदा तरी ती वेगळ्या यंत्रावर उतरवून एखाद्या गटाची ऊस नोंद उघडून पाहावी. बियाणे उगवून पाहिल्याशिवाय आपण पेरतो का? साधन बदलल्यास जुन्या नकला उघडण्यापुरते जुने साधनही जपून ठेवावे, कारण एका साधनाची नक्कल दुसऱ्याला वाचता येईलच असे नाही. शिवाय एक नक्कल जाळ्यापासून तोडून, कारखान्याच्या आवाराबाहेर असावी.

सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेत एएमसीचा आकडा जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा : तिन्ही प्रोग्रॅमची आवृत्ती कोणती, प्रत्येकीची मुदत कधी संपते, आणि नक्कल शेवटची उघडून कधी पाहिली?