पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा?

१ डिसेंबर आला की आपल्याकडे एनएसएसची रॅली निघते, लाल रिबिनी वाटल्या जातात, एखादं पथनाट्य होतं आणि एचआयव्हीचा विषय वर्षभरासाठी मिटतो. म्हणून जरा वेगळी बाजू सांगतो. या साथीशी लढायला जो पैसा येतो, तो कसा वापरायचा हे ठरवतं कोण?

आपल्या सांगलीचंच उदाहरण घ्या. १९९२ साली मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने तिथल्या वेश्यावस्तीत काम सुरू केलं. 'या बायका रोग पसरवतात, त्यांना उपदेश करा' अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत. संग्रामने निरोध वाटायचं काम त्या बायकांच्याच हातात दिलं. लॉजिक साधं आहे. बाहेरचा माणूस पाकीट देऊन निघून जातो. पण रात्री गिऱ्हाईक म्हणालं, 'निरोध नको, जादा पैसे देतो', तर एकटी बाई काय करणार? ती नाही म्हणाली तर ते शेजारच्या खोलीत जाणार! सगळी गल्ली मिळून नाही म्हणेल तरच ते 'नाही' टिकतं. हे पोस्टर चिकटवून होत नाही, त्याला संघटना लागते. ती १९९६ साली उभी राहिली: 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद', म्हणजेच 'व्हॅम्प'.

आता पैशाकडे येऊ. अमेरिकेने २००३ साली कायदा केला आणि एड्सच्या निधीला एक अट जोडली: पैसे हवेत तर 'आमचा वेश्याव्यवसायाला विरोध आहे' असं संस्थेने जाहीर करायचं. आता ज्या बायकांच्या जोरावर काम उभं आहे, त्यांच्याच विरोधात सही कशी करणार? संग्रामने २००५ मध्ये नकार दिला आणि पैसा सोडला. त्याच वर्षी ब्राझीलनेही सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले.

स्त्रीवादी निधी म्हणतात ते इथे कामाला येतात. ॲमस्टरडॅमची 'मामा कॅश' १९८३ पासून बायकांच्या संघटनांना पैसा देते. (नावात मामा असला तरी कारभार बायकांचा!) तिच्याच छताखाली २०१२ मध्ये 'रेड अंब्रेला फंड' सुरू झाला. त्याच्या समितीत बहुमत सेक्स वर्कर्सचंच. कंट्रोल सिस्टिम शिकलेल्यांना सांगायला नको, की फीडबॅक जिथून यायला हवा तिथूनच तो घेतलाय. पैसाही पाकिटं मोजून नाही, तर भाडं, पगार, मीटिंगा अशा कुणालाच द्यायला नको वाटणाऱ्या खर्चाला चालतो.

अर्थात हे निधी छोटे आहेत. औषधांचा भार ते पेलणार नाहीत, तो सरकारनेच उचलायचा. आपल्याकडे २००४ पासून एआरटी मोफत मिळतेच. पण गोळी घ्यायला दवाखान्यात जायचं, तिथे कुणी हिडीसफिडीस केली तर चार जणींनी मिळून जाब विचारायचा, हे काम गल्लीतल्या संघटनेचंच.

आणि त्या अटीचं काय झालं? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ती अमेरिकन संस्थांपुरती रद्द केली. परदेशी संस्थांना मात्र ते संरक्षण नाही, असं २०२० मध्ये सांगून टाकलं.