धाकट्याला घेऊनच शाळेत ये!

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्या सोबत होत्या. पाड्यांवरची मुले केंद्राच्या बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी खडे, बिया, पाने, शिंपले आले. असे साहित्य मुलांनी मिळून वेचायचे, मिळून मांडायचे आणि खेळ संपला की मिळूनच आवरायचे. सहकार्याचा याहून चांगला पाठ तीन-चार वर्षांच्या मुलाला कोणता देणार?

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आले. तिथल्या ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होत्या. आईबाप मजुरीला गेले की धाकटे भावंड मोठ्या मुलीच्या कडेवर, आणि म्हणून तिची शाळा बंद. इथे ती त्याला घेऊनच येऊ शकत होती. मला या प्रयोगातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते: भावंडाची माया जपूनही मुलीला अक्षरे मिळाली.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. देशात सरकारी अंगणवाडी योजना मात्र २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, म्हणजे अंगणात गेलेल्या या बालवाडीनंतर कितीतरी वर्षांनी.