जळालेले कार्ड, जुने नाव

पेण ते रोहा या पट्ट्यात जूनमध्ये वीज कडाडली की कॉम्प्युटरमधले सर्वांत आधी जाते ते लॅन कार्ड. पत्र्याखालून, खिडकीबाहेरून ओढलेल्या लांब केबलमधून झटका थेट आत शिरतो. इथल्या छोट्या कचेऱ्यांतली लिनक्स यंत्रे मी 2012 पासून सांभाळतो आहे, म्हणून लिनक्समधल्या नेटवर्क जोडणीचा मागोवा त्या कार्डापासूनच घ्यावासा वाटतो.

त्या वर्षी उबुंटू 12.04 आले. आयपी पत्ता ‘इंटरफेसेस’ नावाच्या फाइलीत हाताने लिहायचा, कार्डाचे नाव ईथ-झिरो. जळालेले काढून नवे कार्ड बसवले की यंत्र त्याला ईथ-वन म्हणे. जुन्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, उपकरणांना नावे देणाऱ्या यूडेव्हच्या नियमात नोंदलेला असे आणि पहिले नाव त्या मेलेल्या कार्डासाठीच राखीव राही. फाइलीत मात्र ईथ-झिरोच. मग सुरू होताना यंत्र नेटवर्कची वाट बघत दोन मिनिटांपर्यंत अडून बसे. मूळ सेटिंगच तसे होते. बाहेर दाखल्यासाठी तिष्ठणाऱ्या माणसाला यातले काय सांगणार?

पुढे हा प्रश्न एकट्यादुकट्याचा उरला नाही. ई-कोर्ट प्रकल्पाने तालुका न्यायालयांपर्यंत उबुंटू नेले. मूळ सेटिंग ठरवणारा माणूस कुठे दूर बसलेला, आणि त्याच्यावर दिवस ढकलणारा कारकून तालुक्यात.

जानेवारी 2013 मध्ये लिनक्स सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या 197व्या आवृत्तीने कार्डाला त्याच्या खाचेवरून नाव द्यायला सुरुवात केली. ईएनपी-थ्री-एस-झिरो! पहिल्यांदा पाहिले तेव्हा चिडलो होतो. पण त्याच खाचेत नवे कार्ड घातले की नाव तेच राहते, हे एका पावसाळ्यात कळले आणि राग गेला. मदरबोर्डावरचेच जळाले तर मात्र नवी खाच, नवे नाव.

खरा आधार दिला तो रेड हॅटने 2004 मध्ये सुरू केलेल्या नेटवर्कमॅनेजरने. अनोळखी कार्डाला केबल लागली की तो आपणहून जोडणी तयार करतो आणि राउटरकडे पत्ता मागतो. ऑक्टोबर 2017 मध्ये उबुंटू 17.10 बरोबर नेटवर्कच्या सेटिंगसाठी नेटप्लॅन आले, पण डेस्कटॉपवर त्याची फाइल सगळा कारभार नेटवर्कमॅनेजरकडेच सोपवते. म्हणून मी आता यंत्रात आयपी लिहीतच नाही. राउटरमध्ये मॅक पत्त्यापुढे राखून ठेवतो.

मागच्या पावसाळ्यात रोह्याला असेच कार्ड गेले. फोनवरून सांगितले, नवे बसवा, केबल लावा. स्विचचा दिवा लागला, नेट आले. मी पेणहून राउटरमधला एक मॅक पत्ता तेवढा बदलला.